घटक ३ : ज्ञानदेव – चरित्र आणि ‘अनुभवामृता’तील द्वंद्वविचार

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ज्ञानदेवांच्या चरित्रातील प्रमुख घटना क्रमाने सांगता येतील.
• एखाद्या संकल्पनेची व्याख्या करताना तिच्या विरुद्ध संकल्पनेचा उपयोग कसा होतो, हे स्पष्ट करता येईल.
• ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘अनुभवामृत’ या ग्रंथांतील द्वंद्वविचारातील फरक ओळखता येईल.
• ज्ञानदेवांनी ज्ञान आणि अज्ञान या दोहोंचेही खंडन का केले, याची कारणमीमांसा करता येईल.

३.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण यादवकालीन मराठी वाङ्मयाची पार्श्वभूमी पाहिली. या घटकात ज्ञानदेवांच्या चरित्राचा परिचय करून घ्यावयाचा आहे. त्यांच्या चरित्राकडे येथे एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिले आहे. तो प्रश्न असा : एखादी गोष्ट काय आहे हे सांगण्यासाठी तिच्या विरुद्ध गोष्टीचा आधार घेतला, तर त्या गोष्टीचे स्वरूप खरोखर कळते काय?

व्यवहारात आपण सतत असा आधार घेत असतो. आरोग्य म्हणजे रोग नसणे, शांतता म्हणजे कलह नसणे, स्वातंत्र्य म्हणजे पारतंत्र्य नसणे, असे आपण सहज म्हणतो. भारतीय न्यायशास्त्रानेही लक्षणाचे एक प्रमुख प्रयोजन व्यावृत्ती हे मानले आहे. व्यावृत्ती म्हणजे वेगळे काढणे. गळ्याखाली लोंबणारी कातड्याची पोळी हे गाईचे लक्षण सांगितले, की घोडा, बकरी, हत्ती हे सर्व आपोआप बाजूला पडतात आणि गाय उरते. येथे लक्षण सांगणे आणि इतरांना वगळणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत.

गाईच्या बाबतीत ही पद्धत निर्दोष ठरते, कारण गाय आणि घोडा ही दोन्ही डोळ्यांना दिसतात. घोडा वगळला तरी गाय समोर उभीच असते. परंतु ज्ञान म्हणजे अज्ञानाचा नाश आणि अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव असे म्हटले, तर दोन्ही शब्द एकमेकांना टेकून उभे राहतात. त्यांपैकी एक काढून घेतला तर दुसऱ्याचे काय होईल? इ. स. च्या तेराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न मराठी भाषेत विचारला गेला आणि तो विचारणारा ग्रंथकार ऐन तारुण्यात होता. आत्मस्वरूपासाठी रूढ असलेले सर्वश्रेष्ठ शब्दसुद्धा त्याने या कसोटीतून सोडले नाहीत.

३.२ काळ आणि घराणे

ज्ञानदेवांचा काळ हा देवगिरीच्या यादवांच्या सत्तेचा उत्तरकाळ होय. रामचंद्र उर्फ रामदेवराव यादव तेव्हा राज्य करीत होता. त्याच्या दरबारातील हेमाद्री पंडिताने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने, श्राद्ध आदी विषयांचा प्रचंड ग्रंथ संस्कृतात सिद्ध केला. कोणते कर्म कोणी, केव्हा आणि कशा रीतीने करावे, याचे तपशीलवार वर्गीकरण हे त्या काळच्या धर्मशास्त्रीय विचाराचे वैशिष्ट्य होते. त्याच काळात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने मराठीला धर्मचर्चेची भाषा बनविले होते. वर्गीकरणाला बांधलेला समाज आणि नव्या आशयासाठी सिद्ध होत असलेली लोकभाषा, या दोहोंच्या संगमावर ज्ञानदेव उभे आहेत.

त्यांचे घराणे गोदावरीकाठच्या, पैठणजवळील आपेगावचे. वडील विठ्ठलपंत कुलकर्णी आणि आई रुक्मिणी. रुक्मिणीबाईंचे माहेर इंद्रायणीकाठचे आळंदी हे होते. या दांपत्याला निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार अपत्ये झाली. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ (इ. स. १२७५) मध्ये झाला असे सामान्यतः मानले जाते, काही अभ्यासक शके ११९३ (इ. स. १२७१) हे वर्ष ग्राह्य धरतात. चरित्राची बरीचशी माहिती नामदेवांच्या नावावरील आदी, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतील अभंगांवर आणि नंतरच्या संतचरित्रांवर आधारलेली आहे. त्यामुळे पुढील काही घटना परंपरेने सांगितलेल्या म्हणूनच वाचावयाच्या आहेत.

३.३ दोन आश्रमांच्या मध्ये

विठ्ठलपंत मूळचे विरक्त वृत्तीचे होते. विवाहानंतरही त्यांचे मन प्रपंचात रमले नाही. परंपरेनुसार ते काशीला गेले आणि आपण विवाहित आहोत ही गोष्ट लपवून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. पुढे त्यांचे गुरू तीर्थयात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले असता त्यांना नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. तेव्हा सारी हकीकत उघड झाली. गुरूंनी काशीस परतून विठ्ठलपंतांना पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली आणि ती शिरोधार्य मानून ते आळंदीस परतले. चारही मुलांचा जन्म यानंतरचा आहे.

येथे या कुटुंबाची शोकांतिका सुरू होते. धर्मशास्त्रात गृहस्थ आणि संन्यासी या परस्परविरुद्ध अवस्था मानल्या आहेत. गृहस्थाला अग्नी, पत्नी, अपत्ये आणि द्रव्य यांचा अधिकार आहे. संन्याशाने या सर्वांचा त्याग केलेला असतो. गृहस्थाला संन्यासी होता येते, पण उलट वाट नाही. संन्यासावर आरूढ होऊन खाली आलेल्या मनुष्याला शास्त्राने आरूढपतित म्हटले. त्याला संन्यासी म्हणता येत नव्हते, कारण तो संसारात होता. गृहस्थही म्हणता येत नव्हते, कारण त्याने संन्यास घेतला होता. त्याच्या मुलांना तर कोणतेच स्थान उरले नाही. संन्याशाला मूल असणे हीच मुळी त्या व्यवस्थेत वदतोव्याघातासारखी गोष्ट होती. मुलांचे मौंजीबंधन होईना आणि कुटुंब वाळीत पडले. मुलांना तरी समाजात स्थान मिळावे या आशेने विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी देहांत प्रायश्चित्त स्वीकारले, असे परंपरा सांगते. चार लहान भावंडे पोरकी झाली, तरी त्यांचा प्रश्न सुटला नाही.

संन्याशाची मुले ही त्यांची ओळख होती. ती लोकांनी दिलेली होती आणि ती ही मुले कोण आहेत हे न सांगता कोणत्या वर्गात बसत नाहीत एवढेच सांगत होती. ज्ञानदेवांचे तत्त्वज्ञान या दुःखातून थेट जन्मले, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. तत्त्वज्ञानाची परीक्षा त्याच्या युक्तिवादावरून करावयाची असते, तत्त्वज्ञाच्या दुःखावरून नव्हे. तथापि, दोन विरुद्ध शब्दांच्या चिमटीत माणूस सापडला म्हणजे काय होते, हे या ग्रंथकाराला पुस्तकाबाहेरही ठाऊक होते, एवढे लक्षात ठेवणे उपयुक्त आहे.

३.४ पैठण ते नेवासे

शुद्धिपत्र मिळविण्यासाठी ही भावंडे विद्वानांचे पीठ असलेल्या पैठणास गेली. तेथील ब्रह्मसभेसमोर ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. पुढे वाघावर बसून भेटीस आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी भावंडांनी निर्जीव भिंत चालविली, अशीही कथा आहे. या चमत्कारांच्या ऐतिहासिकतेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. मात्र लोकमानसाने कोणते चमत्कार निवडले, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या कथेत वेदाचा अधिकारी आणि अनधिकारी ही सीमा पुसली जाते, तर दुसऱ्या कथेत जड आणि चेतन ही सीमा पुसली जाते. ज्ञानदेवांच्या विचाराचे मर्म कथाकारांनी आपल्या परीने ओळखले होते, असेच म्हणावे लागते.

ज्ञानदेवांचे गुरू म्हणजे त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली होती. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव अशी ही परंपरा आहे. तिच्यात शिव आणि शक्ती या तत्त्वांना केंद्रस्थान आहे. ‘अनुभवामृता’चा आरंभ समजण्यासाठी ही पार्श्वभूमी आवश्यक आहे.

पैठणहून ही भावंडे प्रवरेच्या काठी नेवासे येथे आली. तेथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानदेवांनी भगवद्गीतेवरील ‘भावार्थदीपिका’ म्हणजेच ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण केली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या टीकेच्या समाप्तीच्या वेळी, जन्मशकाच्या रूढ मतानुसार, ज्ञानदेवांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

३.५ ‘ज्ञानेश्वरी’ : विरोधाच्या साहाय्याने व्याख्या

गीतेत द्वंद्वांचा विचार मुख्यतः आचाराच्या अंगाने येतो. शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख, मान आणि अपमान यांच्या जोड्या माणसाला हेलकावे देतात. या दोहोंत सम राहावे, असा गीतेचा उपदेश आहे. ‘ज्ञानेश्वरी’ने तो विपुल दृष्टांतांनी फुलविला आहे.

याखेरीज तेराव्या अध्यायात द्वंद्वाचा आणखी एक उपयोग आढळतो. गीतेने तेथे अमानित्व, अदंभित्व, अहिंसा इत्यादी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत आणि याहून जे वेगळे ते अज्ञान, असे थोडक्यात म्हटले आहे. लक्षणांच्या या नावांतच नकार दडलेला आहे, हे ध्यानात घ्यावे : अमानित्व म्हणजे मानीपणाचा अभाव, अहिंसा म्हणजे हिंसेचा अभाव. मूळ गीतेने अज्ञानाचे वर्णन वेगळे केलेले नाही. ज्ञानदेवांनी मात्र प्रत्येक लक्षणाची उलट बाजू घेऊन अज्ञानी मनुष्याचे विस्तृत चित्र रेखाटले. त्यामुळे हा अध्याय ‘ज्ञानेश्वरी’त अठराव्या अध्यायाखालोखाल दीर्घ झाला आहे. अज्ञानाची खूण पटली की ज्ञानाची ओळख अधिक पक्की होते, ही त्यामागील दृष्टी होय.

सामान्य श्रोत्याला समजावून सांगणाऱ्या टीकाकाराला ही पद्धत सोयीची असते. शिकणाऱ्याला दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. विरोधाने व्याख्या करण्याचे सामर्थ्य ज्ञानदेवांनी येथे पुरेपूर वापरले आहे. त्या पद्धतीची मर्यादा त्यांनी पुढील ग्रंथात दाखविली.

३.६ ‘अनुभवामृत’ : द्वंद्वांची परीक्षा

गीतेवरील टीका पूर्ण झाल्यावर निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना स्वतंत्र ग्रंथ रचण्यास सांगितले, अशी परंपरा आहे. ग्रंथकाराने या रचनेला ‘अनुभवामृत’ म्हटले. लोकांत ती ‘अमृतानुभव’ या नावाने रूढ झाली. आरंभीचे पाच संस्कृत श्लोक आणि दहा प्रकरणांत विभागलेल्या आठशेच्या आसपास ओव्या, असे या ग्रंथाचे स्वरूप आहे. येथे आधाराला मूळ संस्कृत ग्रंथ नाही. प्रश्न, युक्तिवाद आणि दृष्टांत सर्व ज्ञानदेवांचे आहेत. त्यांतील चार टप्पे आपण क्रमाने पाहू.

(अ) शिव आणि शक्ती

पहिले प्रकरण शिव-शक्तीच्या वंदनाचे आहे. पती आणि पत्नी हे शब्द परस्परसापेक्ष आहेत; पत्नीवाचून पतीला पती म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे शक्तीवाचून शिवाला शिवपण नाही आणि शिवावाचून शक्ती नाही. तथापि, ज्ञानदेव त्यांना दोन स्वतंत्र वस्तू मानीत नाहीत. ओठ दोन असले तरी त्यांतून निघणारा शब्द एकच असतो. डोळे दोन असले तरी दृष्टी एकच असते. दोन दिव्यांचा प्रकाश एकच असतो. अशा दृष्टांतांच्या मालिकेतून ते दाखवितात, की द्वैत हे एकाच तत्त्वाचे आपल्याशीच चाललेले प्रेमाचे खेळणे आहे. द्वंद्व येथे भांडणाचे नसून दांपत्याचे आहे. पुढील खंडनाला कडवटपणा येत नाही, याचे कारण या आरंभात आहे.

(आ) निवृत्ती आणि प्रवृत्ती

दुसरे प्रकरण गुरुस्तवनाचे आहे. येथे ज्ञानदेवांसमोर एक नाजूक अडचण उभी राहते. गुरूचे नाव निवृत्ती. हा शब्द प्रवृत्तीच्या विरोधाने सिद्ध होतो. प्रवृत्तीपासून मागे फिरणे म्हणजे निवृत्ती. मग गुरूचे थोरपण प्रवृत्तीवर अवलंबून आहे असे मानावयाचे काय? ज्ञानदेव हे मान्य करीत नाहीत. रात्र स्वतः नाहीशी होऊन दिवसाला मोठेपणा देते. प्रवृत्तीला हटवून मोठी झालेली निवृत्ती तशी उसन्या मोठेपणाची ठरते. आपला गुरू त्या अर्थाने निवृत्ती नाही, असे ते म्हणतात. भावाच्या, गुरूच्या आणि घरात रोज हाक मारण्याच्या नावावर केलेली ही मीमांसा आहे. शब्दाचा विरोधातून आलेला अर्थ काढून टाकायचा आणि तरीही नाव प्रेमाने घ्यायचे, ही ज्ञानदेवांची रीत येथे प्रथम दिसते.

(इ) सत्, चित् आणि आनंद

व्याख्येच्या प्रश्नाची सर्वांत काटेकोर चर्चा पाचव्या प्रकरणात आहे. वेदान्तात आत्म्याला सच्चिदानंद म्हटले जाते. सत् म्हणजे असणे, चित् म्हणजे प्रकाशणे किंवा जाणीव, आनंद म्हणजे सुख. मग आत्म्याला हे तीन वेगवेगळे गुण आहेत काय? ज्ञानदेव सोन्याचे उदाहरण देतात. कांती, कठीणपणा आणि सोनेपण अशी तीन नावे घेतली तरी सोने एकच असते. कापराची शुभ्रता, सुगंध आणि मृदुता यांचेही तसेच आहे. मोजणी शब्दांची होते, वस्तूची नव्हे.

यापुढचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. हे तीन शब्द आत्म्याचे स्वरूप सांगतात, की केवळ विरुद्ध गोष्टींचे निवारण करतात? ज्ञानदेवांच्या मते सत् हा शब्द असत् नाही एवढेच सांगतो. चित् हा शब्द जडपणा दूर करतो. आनंद हा शब्द दुःखाला वगळतो. म्हणजे हे शब्द अन्यव्यावृत्तीने सिद्ध होतात. ते आत्म्याचे वाचक नाहीत. शब्द अमुक नव्हे असे सांगून थांबतो. जे नाहीच त्याला वगळून, जे आहे त्याचे वर्णन कसे होणार? आत्म्याच्या ठिकाणी असत्, जड आणि दुःख यांना कधी जागाच नव्हती. मग त्यांचे निवारण करणाऱ्या शब्दांनाही तेथे काम उरत नाही.

अन्यव्यावृत्तीची ही कल्पना भारतीय विचारात नवीन नव्हती. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी शब्दाचा अर्थ इतरांना वगळण्याने ठरतो, असा अपोहसिद्धान्त मांडला होता. शंकराचार्यांनीही तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यात ब्रह्माची विशेषणे त्याला इतरांपासून वेगळे काढतात, असे विवेचन केले आहे. बृहदारण्यक उपनिषदातील नेति नेति ही नकाराची पद्धत तर सर्वपरिचित आहे. ज्ञानदेवांचे वैशिष्ट्य असे, की ते नकाराच्या पद्धतीवरच प्रश्न उपस्थित करतात. नकाराला नाकारण्याजोगे काही हवे असते आणि तेवढ्यापुरते द्वैत जिवंत राहते.

असे असले तरी शब्दाला ते तुच्छ लेखीत नाहीत. फळ धरले की फूल गळते, रस परिपक्व झाला की फळ संपते आणि तृप्ती देऊन रसही नाहीसा होतो. आहुती अग्नीत पडली की हात मागे येतो. त्याप्रमाणे सच्चिदानंद हे शब्द आपले काम करून मौनात मिळून जातात.

(ई) ज्ञान आणि अज्ञान

सहावे प्रकरण शब्दखंडनाचे आहे. त्याचा आरंभ शब्दाच्या स्तुतीने होतो. शब्द हा आठवण करून देणारा, अमूर्ताला दाखविणारा अद्भुत आरसा आहे, असे ज्ञानदेव मानतात. परंतु आठवण ही विसराच्या पाठीवरच येते. आत्मा स्वतःला कधी विसरतच नसेल, तर शब्द त्याला कशाची आठवण देणार? शब्द अज्ञानाचा नाश करतो असे म्हणावे, तर अज्ञान मुळात आहे काय, हा प्रश्न उभा राहतो.

त्याचे उत्तर सातव्या प्रकरणात मिळते. ग्रंथाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग या एका प्रकरणाने व्यापला आहे. युक्तिवादाचे सार असे : आत्मा ज्ञानरूप असेल तर त्याच्या ठिकाणी अज्ञान राहू शकत नाही, जसा प्रकाशाच्या पोटात अंधार राहू शकत नाही. अज्ञानाने आत्म्याला पूर्ण ग्रासले असे मानले, तर अज्ञान आहे हे तरी कोणाला कळणार? आणि ते कळले असेल, तर कळणारे तत्त्व अज्ञानाच्या बाहेर राहिले. कोणतीही बाजू घेतली तरी अज्ञान स्वतःला सिद्ध करू शकत नाही.

सामान्य वेदान्ती वाचक येथे समाधानाने थांबला असता, कारण अज्ञान हरले म्हणजे ज्ञान जिंकले असे त्याला वाटते. ज्ञानदेव मात्र पुढे जातात. आठवे प्रकरण ग्रंथातील सर्वांत लहान, पण सर्वांत निर्भय आहे. अज्ञानाचा नाश करणारे ते ज्ञान, असे आपण म्हणत होतो. अज्ञानच नव्हते असे ठरल्यावर त्याचा नाश करणारे ज्ञान कोठून आणावयाचे? ज्या जोडीतील एक शब्द पडला, त्या जोडीतील दुसराही पडतो. बंध आणि मोक्ष यांचीही हीच गत होते. तिसऱ्या प्रकरणात शिवसूत्रांचा आधार घेऊन त्यांनी ज्ञानालाही बंधन म्हटले होते. त्याचा पूर्ण अर्थ येथे उलगडतो. लोखंडाच्या बेडीऐवजी सोन्याची बेडी मिळाली, तरी माणूस मोकळा होत नाही.

३.७ खंडनानंतरचे विधान

सर्व जोड्या मोडल्यावर काय उरते? शून्य उरते असे ज्ञानदेव म्हणत नाहीत, कारण शून्य हाही भरलेपणाच्या विरोधाने येणारा शब्द आहे. त्यांचे उत्तर असे, की जे दिसते ते सर्व त्या एका चैतन्याचेच स्फुरण आहे. पाहणारा आणि पाहिले जाणारे, अशी दोन रूपे घेऊन ते स्वतःलाच पाहते. जग हे अज्ञानाचे कार्य नसून चैतन्याचा विलास आहे, या विचाराला अभ्यासकांनी चिद्विलासवाद असे नाव दिले आहे. हा विचार शंकराचार्यांच्या मायावादाहून स्वतंत्र आहे की त्याचाच वेगळ्या भाषेतील आविष्कार आहे, याविषयी मराठी अभ्यासकांत दीर्घ वाद झाला आहे. दोन्ही पक्षांचा अभ्यास विद्यार्थ्यांनी करावा. अज्ञान या संकल्पनेलाच ज्ञानदेवांनी दिलेला नकार हा या वादाचा कणा आहे, एवढे येथे सांगणे पुरेसे आहे.

नवव्या प्रकरणात या विचाराचे फलित येते. देव आणि भक्त हे दोन नाहीत असे ठरले, तर भक्ती संपली असे कोणी म्हणेल. ज्ञानदेवांचे उत्तर कोरीव लेण्याच्या दृष्टांतातून येते. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरून काढता येतो. दगड एकच असला तरी पूजेचा थाट अडत नाही. मग एकाच आत्मरूपात भक्तीचा व्यवहार का होऊ नये? ज्यांनी वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे, त्यांना या दृष्टांताचे बळ सहज जाणवेल. द्वैत मोडून अद्वैत स्थापणे आणि त्या अद्वैतात भक्तीसाठी द्वैत पुन्हा प्रेमाने नांदविणे, ही ज्ञानदेवांची वारकरी परंपरेला मिळालेली मोठी देणगी होय. ज्ञान आणि भक्ती हे परस्परविरोधी मार्ग आहेत, ही समजूतही त्यामुळे सैल झाली.

हाच विचार ‘चांगदेव पासष्टी’त संक्षेपाने येतो. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र पाठविताना मायना काय लिहावा हे न कळल्याने कागद कोराच पाठविला, असे परंपरा सांगते. ज्ञानदेव वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ते ज्ञानाने थोर. थोर म्हणून नमस्कार लिहावा, तर ते वयाने लहान. लहान आणि थोर या जोडीतच चांगदेव अडकले होते. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे ही त्रिपुटी एकच आहे, हा त्यांचा विषय आहे.

३.८ समाधी

यानंतर ज्ञानदेवांनी नामदेवादी संतांसमवेत तीर्थयात्रा केली. शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस त्यांनी आळंदी येथे इंद्रायणीकाठी संजीवन समाधी घेतली. जन्मशकाच्या रूढ मतानुसार तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. थोड्याच काळात सोपानदेवांनी सासवड येथे समाधी घेतली, मुक्ताबाई तापीतीरी अंतर्धान पावल्या आणि निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वर येथे देह ठेवला. ज्यांना समाजाने कोणत्याच वर्गात जागा दिली नव्हती, त्या चारही भावंडांची समाधिस्थाने आज महाराष्ट्राची तीर्थक्षेत्रे आहेत. आषाढी वारीला त्यांच्या पालख्या पंढरपूरला येतात आणि मुले कोणत्या आश्रमाची, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

पुढे शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’ची पाठशुद्धी केली. ‘अनुभवामृता’वर शिवकल्याण यांच्यासारख्यांनी टीका लिहिल्या. ‘ज्ञानेश्वरी’ घरोघर पोहोचली; ‘अनुभवामृत’ मात्र तुलनेने अभ्यासकांच्या वर्तुळात राहिले. तरीही मराठीत संकल्पनांची इतकी सूक्ष्म चिकित्सा करणारा इतका प्राचीन ग्रंथ दुसरा दाखविणे कठीण आहे.

३.९ सारांश

विरुद्ध संकल्पनेच्या आधारे केलेली व्याख्या व्यवहारात उपयोगी असते. ‘ज्ञानेश्वरी’च्या तेराव्या अध्यायात ज्ञानदेवांनी तिचा मुक्त उपयोग केला आहे. ‘अनुभवामृता’त त्यांनी या पद्धतीची मर्यादा दाखविली. अशी व्याख्या वस्तू काय नाही एवढेच सांगते. शिवाय जे वगळायचे त्याला ती आधी अस्तित्व देते. म्हणून अज्ञान नाही असे ठरताच ज्ञान हा शब्दही निराधार होतो. या खंडनाचा शेवट शून्यात होत नाही. तो चैतन्याच्या विलासात आणि अकृत्रिम भक्तीत होतो. गृहस्थ आणि संन्यासी या द्वंद्वाने ज्यांचे बालपण हिरावून घेतले, त्या ग्रंथकाराने द्वंद्वांवर सूड उगविला नाही. त्यांचा परस्परावलंबी स्वभाव उघड करून त्याने त्यांना एका घरात नांदविले.

३.१० पारिभाषिक शब्द

लक्षण : वस्तूचा असाधारण धर्म, जो फक्त त्या वस्तूतच आढळतो.
व्यावृत्ती : इतर वस्तूंपासून वेगळे काढणे, वगळणे.
अन्यव्यावृत्ती : आपल्याहून अन्य अशा गोष्टीचे निवारण.
आरूढपतित : संन्यास घेऊन त्यापासून च्युत झालेला.
त्रिपुटी : ज्ञाता, ज्ञेय आणि ज्ञान, किंवा द्रष्टा, दृश्य आणि दर्शन, अशा तिहींचा समूह.
चिद्विलास : चैतन्याचे विश्वरूपाने होणारे सहज स्फुरण.

३.११ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. विठ्ठलपंतांच्या कुटुंबावर आलेल्या संकटाचे स्वरूप गृहस्थ आणि संन्यासी या संकल्पनांच्या आधारे स्पष्ट करा.
२. गाईची व्याख्या आणि ज्ञानाची व्याख्या यांत व्यावृत्तीच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
३. सत्, चित् आणि आनंद हे शब्द आत्म्याचे वाचक नाहीत, असे ज्ञानदेव का मानतात?
४. अज्ञानखंडनानंतर ज्ञानखंडन अपरिहार्य कसे ठरते, ते थोडक्यात लिहा.
५. आपल्या नित्य वापरातील यश आणि अपयश, विकास आणि मागासलेपण यांसारखी एक शब्दजोडी निवडा. त्यांतील एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याचा उल्लेख न करता सांगता येतो काय, याचा शोध घेऊन दोनशे शब्दांत टिपण लिहा.